सारुमान मेला की नाही, याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: ‘विस्तारित आवृत्ती’ म्हणून विकलेल्या ब्लू-रे संचात थिएटरमधली आवृत्ती निघाल्याबद्दल, आणि जाहिरातीतल्या एका ओळीबद्दल.

महोदय / महोदया,

गेल्या महिन्यात मी आपल्या संकेतस्थळावरून ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिन्ही चित्रपटांचा ब्लू-रे संच आगाऊ पैसे भरून मागवला. पेटीवर ‘विस्तारित आवृत्ती’, म्हणजे थिएटरात न दाखवलेले प्रसंग जोडलेली लांब आवृत्ती, असं छापलंय आणि जाहिरातीत ‘टोल्कीनच्या पानापानाशी प्रामाणिक’ अशी ओळ होती. पेटी दिसायला झकास आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही.

माझी बारा वर्षांची नात आणि मी, दोघांनी मिळून जूनपासून दिवाळीपर्यंत टोल्कीन यांच्या मूळ कादंबरीचा मुग्धा कर्णिक यांनी केलेला मराठी अनुवाद, ‘स्वामी मुद्रिकांचा’, मोठ्याने वाचून काढला. रात्रीची जेवणं आटोपली की एक पान ती, एक पान मी. पुस्तक संपल्याशिवाय सिनेमा लावायचा नाही, असं ठरलं होतं.

पहिल्याच दिवशी पाल चुकचुकली. पुस्तकात निरोप घेताना गिम्ली हा बुटका योद्धा एल्फ नावाच्या अमर लोकांच्या स्वामिनीकडे, गॅलाड्रिएलकडे, तिच्या सोनेरी केसांतला एक केस मागतो आणि ती तीन देते. नातीचा हा सगळ्यात लाडका प्रसंग. विस्तारित आवृत्तीत गिम्ली ही गोष्ट होडीत बसून आपल्या एल्फ सोबत्याला, लेगोलासला, सांगतो, हे मला ठाऊक होतं. त्यासाठीच तर जास्त पैसे मोजले. होड्या नदीला लागल्या, पार पुढे गेल्या, केसांचा उल्लेखही नाही. मी पाणी प्यायला उठलो तेव्हा निसटलं असेल, अशी तिची समजूत काढली. खरं म्हणजे विस्तारित आवृत्तीत एकेक चित्रपट दोन डिस्कवर असतो आणि माझ्या पेटीत एकेकाला एकच डिस्क होती. तेव्हाच समजायला हवं होतं. मला वाटलं, हल्ली एकीवर मावत असेल.

तिसऱ्या चित्रपटाला मात्र कुठलीच समजूत चालेना. पुस्तकात सारुमान हा दुष्ट जादूगार मरतो तो अगदी शेवटी, शायर या हॉबिट लोकांच्या मुलखात, बॅग एंड या घराच्या दारात, वर्मटंग या आपल्याच चाकराच्या सुरीने. विस्तारित आवृत्तीत शायरचा तो सगळा भाग नाही. पण सुरी तीच, हात तोच, फक्त जागा बदलून सारुमानच्याच ऑर्थांक या मनोऱ्यावर आणली आहे. आपण पाठवलेल्या डिस्कवर गँडाल्फ हा भला जादूगार म्हणतो की तो मनोऱ्यातच राहू दे, आणि पुढे त्याचं नावच निघत नाही. 2003 मध्ये थिएटरात असंच दाखवलं होतं आणि सारुमानची भूमिका करणारे ख्रिस्तोफर ली त्यावर नाराजही झाले होते. सिनेमा संपल्यावर नातीने विचारलं, “आजोबा, मग तो मेला की नाही?” मी लांबी पाहिली. 201 मिनिटं. विस्तारित आवृत्ती चार तासांच्या वर जाते.

आपल्या ग्राहक सेवेला फोन केला. “सर, स्टोरी दोन्हीकडे सेमच आहे, फक्त सीन कमी-जास्त,” असं उत्तर मिळालं. शिवाय पेटी उघडली असल्यामुळे परत घेता येणार नाही म्हणे. न उघडता आतलं दिसायला माझ्याकडे पालांटिर, म्हणजे कथेतला दूरचं दाखवणारा गोळा, नाही. वर ‘हॉबिट’च्या संचावर 200 रुपयांचं कूपन दिलंत. टोल्कीन यांचंच 1937 सालचं एक आटोपशीर पुस्तक ताणून तीन चित्रपट केले, त्यात पुस्तकात कुठेच नसलेली टॉरिएल ही एल्फ योद्धी घातली. पानापानाशी प्रामाणिकपणाचा हा नमुना मला नको.

मी काही ओळ न् ओळ पडद्यावर मागणारा वाचक नाही. टॉम बॉम्बाडिल हा रानातला गाणारा गूढ गडी गाळला, बरं केलं. ग्लॉरफिंडेल या एल्फ सरदाराच्या जागी एल्फकन्या आर्वेन घोड्यावरून आली, तेही पटलं. पुढे राणी व्हायची तर तिला आधी काहीतरी काम हवंच. फारामिर हा सेनानी तेवढा अजून खुपतो. पुस्तकात सगळ्यांना मोहात पाडणारी ती अंगठी आयती समोर आलेली असताना तो ती वाहणाऱ्या फ्रोडो या हॉबिटला जाऊ देतो, सिनेमात आधी ओस्गिलिआथ शहरापर्यंत फरफटत नेतो. मोह होत नाही, हीच तर त्या माणसाची ओळख होती. खुद्द टोल्कीन यांनी 1957 मध्ये एका चित्रपटाच्या प्रस्तावाबद्दल लिहिताना, मोजके भाग निवडून बाकीचे गाळलेले चालतील, पण सगळं दाबून कोंबू नये, अशाच अर्थाचं मत दिलं होतं. कात्री त्यांनाही वर्ज्य नव्हती.

हे सगळं भांडण माझं दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्याशी, आणि ते मी घरी भांडतो. आपल्याला एवढंच विचारायचं आहे: त्यांनी ठेवलेलं आपण कोणत्या अधिकारात गाळलंत?

पुढील 15 दिवसांत खरी विस्तारित आवृत्ती पाठवावी आणि हा संच आपल्या खर्चाने परत न्यावा. ते जमत नसेल तर बिलाची पूर्ण रक्कम परत करावी. जाहिरातीतली ‘पानापानाशी’ ही ओळ काढावी. नपेक्षा ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. माझ्या खात्यात टाकलेलं कूपनही काढून घ्यावं.

आपला,
एक ग्राहक
(नाव व पत्ता बिलावर आहे तोच)

सोबत: बिलाची प्रत, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पेटी व तिन्ही डिस्कचे फोटो.