फाटकाच्या आत

नौपाडा, ठाणे
आषाढ वद्य सप्तमी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

समोरासमोर बसलो की आपल्या दोघांचेही आवाज चढतात आणि मुद्दा तसाच राहतो, म्हणून हे पत्र लिहितो आहे. मागच्या मंगळवारी तू दारू सोडण्याच्या मीटिंगसाठी त्या शाळेच्या फाटकापर्यंत गेलास आणि आत कोणी ओळखीचे निघाले तर काय, या धास्तीने परत फिरलास, असे आईकडून कळले. त्याबद्दल माझा राग नाही. त्याच फाटकावरून मीही एकदा परत आलो आहे.

तुला न सांगता मी फेब्रुवारीत १४४४६ या व्यसनमुक्तीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या ठाणे आणि नवी मुंबईतल्या ग्रुपांची माहिती काढली आणि ओपन मीटिंग कुठे, कधी असते ते वहीत उतरवून घेतले. क्लोज्ड मीटिंगला फक्त ज्याला स्वतःची दारू थांबवायची आहे त्यानेच जायचे असते. ओपन मीटिंगला माझ्यासारखा बापही बसू शकतो. पहिल्या आठवड्यात धीर झाला नाही, दुसऱ्या आठवड्यात गेलो. वर्ग लहान मुलांचा होता, बाकांत मोठ्या माणसांचे गुडघे मावत नव्हते आणि फळ्याच्या वर पाढ्यांचा तक्ता होता. एकेक जण उठायचा, नुसते पहिले नाव सांगायचा, ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणायचा आणि आपली हकीकत सांगून खाली बसायचा. कोणी मध्ये बोलले नाही, कोणी उपदेश केला नाही. त्यांनी काय सांगितले ते मात्र लिहीत नाही, कारण तिथे ऐकलेले तिथेच ठेवायचे असते. ओळखीचे कोणी भेटेल ही तुझी भीती खरी आहे, पण जो भेटेल तोही त्याच बाकावर बसलेला असेल.

शेवटी एक कापडी पिशवी फिरली. मी शंभराची नोट काढली, तर शेजारच्या गृहस्थांनी माझा हात हलकेच बाजूला केला आणि म्हणाले, ‘काका, पाहुण्यांचे घेत नाही, आमचा खर्च आम्हीच करतो.’ सोसायटीच्या गणपतीची वर्गणी बारा वर्षे गोळा करणाऱ्या माझ्यासारख्याला पैसे नको म्हणणारी मंडळी प्रथमच भेटली. प्रवेश फी नाही, फॉर्म नाही. दारू थांबवण्याची इच्छा एवढीच तिथली अट आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एका शेअर दलालाला हॉटेलातला बार खुणावू लागला, तेव्हा त्याने बारकडे न वळता फोनवरून आपल्यासारख्याच दुसऱ्या पिणाऱ्याचा शोध घेतला, आणि तो एक सर्जन निघाला. त्या दोघांच्या बोलण्यातून हे सारे सुरू झाले. डॉक्टरलाही सुटत नव्हती, हे वाचून मला तुझ्याविषयी जरा हायसे वाटले.

ग्रुप निवडताना माझे एक ऐक. ऐरोलीहून सुटून ठाण्याला उतरल्यावर सात ते नऊ हे दोन तास तुझा घात करतात, तेव्हा नेमक्या त्याच वेळेची आणि स्टेशनवरून घरी येण्याच्या वाटेवरची मीटिंग धर. रविवारी सकाळची लांबची मीटिंग कितीही चांगली असली, तरी मंगळवारच्या संध्याकाळी ती तुझ्या उपयोगाची नाही. पहिला ग्रुप रुचला नाही, कुठे हिंदी जास्त, कुठे सगळेच वयाने मोठे, तर दुसरा पाहा. पण एका बैठकीवरून निकाल देऊ नकोस. जुने मेंबर नव्याला नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा कर म्हणतात. मी तुझ्याकडे सध्या सहाच मागतो.

आणि एकदम, स्वतःच्या बळावर बंद करू नकोस. दिवाळीत तू तसे केलेस आणि दुसऱ्या दिवशी पणतीत तेल ओतताना तुझा हात इतका कापत होता की निम्मे तेल रांगोळीवर सांडले. आम्ही ते थंडीवर ढकलले. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, प्रसंगी जीवावर बेतते, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळले. आधी त्यांना भेटू. औषध त्यांचे आणि मीटिंग तुझी, दोन्ही चालू दे.

माझ्याही वाट्याचे सांगतो. तुझ्या ऑफिसात ‘त्याला ताप आहे’ असे फोन मीच केले, उधाऱ्या मीच फेडल्या, आणि त्याला मी माया समजत होतो. मी आता अल्-अ‍ॅनॉनला, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या ग्रुपला, जातो. ते फोन यापुढे होणार नाहीत, हे आताच सांगून ठेवतो.

गटारी आठ दिवसांवर आली आहे आणि तुझ्या मित्रांचे बेत ठरले असतील. त्याआधीच्या मंगळवारी साडेसातला तीच मीटिंग आहे. मंगळवारची क्लोज्ड असल्याने मी आत येणार नाही, फाटकाशीही थांबणार नाही. तलावपाळीवर बसेन. नऊच्या सुमारास सुटलास की फोन कर, चालत घरी येऊ. आई जेवायची थांबणार आहे.

तुझा,
बाबा