बाबा, हायब्रिडचा हट्ट तेवढा सोडा

कोथरूड, पुणे
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीनंतर मी वाईहून निघाले तेव्हा माझ्या गाडीच्या टपावर हात ठेवून बाबा म्हणाले, "आता घ्यायची तर अशीच." मी हसून वेळ मारून नेली. फोनवर हा विषय निघाला की बाबा मध्येच पाण्याच्या मोटरीकडे वळतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे. आपल्या गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे संपत आली आहेत आणि फिटनेस, पुन्हा नोंदणी यांवर खर्च करण्यापेक्षा ती बदलावी, हे मला पटते. नवी गाडी हायब्रिड असावी, हे मात्र पटत नाही. पावणेतीन वर्षे आनंदाने हायब्रिड चालवणाऱ्या मुलीनेच असे म्हणावे, याचे तुम्हाला नवल वाटेल.

माझी गाडी मला का आवडते, ते आधी सांगते. तिच्यात पेट्रोलचे इंजिन आहे आणि विजेची मोटरही आहे. ब्रेक दाबला किंवा उतार लागला की तीच मोटर जनित्र होते आणि एरवी ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठवते. प्लग लावण्याचा प्रश्नच येत नाही. कोथरूडहून हिंजवडीला जाताना गाडी जितकी अडते, तितके इंजिन बंद राहते आणि गाडी मोटरवर पुढे सरकते. आईला आठवत असेल, नळस्टॉपच्या सिग्नलला ती घाबरून म्हणाली होती, "अगं, बंद पडली का?" एसी चालूच होता, कारण त्याचा कॉम्प्रेसरही विजेवर चालतो. या वर्गातल्या गाड्यांचे कागदावरचे ॲव्हरेज लिटरला सव्वीस ते अठ्ठावीस किलोमीटर असते. मला प्रत्यक्षात एकवीस-बावीस मिळते आणि एवढ्या गर्दीत तेही पुष्कळ आहे.

आता वाईचा विचार करा. तुमचे जाणे-येणे म्हणजे गणपती आळी, बँक, भाजी, फार तर दवाखाना. थंड इंजिन सुरुवातीला तापण्यासाठी चालावेच लागते आणि दोन किलोमीटरच्या फेरीत ते तापेपर्यंत घर येते. ज्या गर्दीत हायब्रिड पैसे वाचवते, ती गर्दी सुदैवाने तुमच्या वाट्याला नाही. उरले पसरणी घाटातून पाचगणीला जाणे. ती चढण मी माझ्या गाडीने तीनदा चढले आहे. निम्म्या घाटात बॅटरी उतरते, मग सगळा भार इंजिनावर येतो आणि ते एका सुरात असे ओरडू लागते की बाबांनी गिअर बदलण्यासाठी नकळत हात पुढे केला असता. उतरतानाही तेच, फक्त उलट. बॅटरी लहान आहे, एक युनिटसुद्धा वीज तिच्यात मावत नाही; आपल्या न्हाणीघरातला दोन किलोवॉटचा गीझर तिच्यावर अर्धा तासही चालणार नाही. साडेपाचशे मीटरच्या उतारावर ती वाटेतच भरते आणि पुढची सगळी शक्ती जुन्या गाडीसारखीच वाया जाते.

बाबा दर वेळी पेट्रोल भरल्यावर डायरीत किलोमीटर लिहितात, त्या नोंदी मी दिवाळीत पाहून ठेवल्या होत्या. गेल्या वर्षी गाडी ४,८०० किलोमीटर चालली. मी घेतली तेव्हा हायब्रिड आणि त्याच आकाराची साधी ऑटोमॅटिक यांत अडीच लाखांच्या आसपास फरक पडत होता. साधीला लिटरला १४ आणि हायब्रिडला २१ धरले, तर तुमचे वर्षाला ११४ लिटर, म्हणजे आजच्या दराने जेमतेम बारा हजार रुपये वाचतील. अडीच लाख वसूल व्हायला जवळजवळ एकवीस वर्षे लागतील. माझे वर्षाला अठरा हजार किलोमीटर होतात, त्यामुळे मला साडेपाच वर्षे पुरतात. शिवाय महाग गाडीचा विमाही महाग असतो, हे या हिशेबात धरलेलेच नाही.

बॅटरी बदलावी लागली तर काय, ही आईची शंका रास्त आहे, पण मला ती सर्वांत मोठी वाटत नाही. टोयोटाची प्रियस जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरात आली. म्हणजे हे तंत्र कालपरवाचे नाही. आपल्याकडे या बॅटरीला साधारण आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी मिळते. फक्त तुमच्या चालवण्याने आठ वर्षांत चाळीस हजारही होणार नाहीत, म्हणजे हमी तुम्ही न वापरताच संपेल.

मला खरी काळजी दुसऱ्याच बॅटरीची आहे. हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीखेरीज नेहमीची बारा व्होल्टची लहान बॅटरीही असते आणि गाडीचा सगळा संगणक तिच्यावर जागा होतो. मे महिन्यात मी ताईकडे चोवीस दिवस होते, तेव्हा गाडी तळघरात उभी होती. परत आले तर रिमोटने दारसुद्धा उघडेना. रिमोटच्या पोटातली लोखंडी किल्ली काढून दार उघडले, आत बसून बटण दाबले, तर पडद्यावर काहीच नाही. मोठी बॅटरी असून नसल्यासारखी, कारण तिला जोडून घेणारी यंत्रणाच झोपली होती. शेवटी शेजारच्या काकांच्या गाडीला वायरी जोडून पाच मिनिटांत काम झाले, पण सोसायटीत काका होते म्हणून. तुम्ही पावसाळ्यात गाडीवर कव्हर घालून तीन-तीन आठवडे ती अंगणात ठेवता. साध्या गाडीचीही बॅटरी उतरते, हे खरे. पण तिथे चौकातला मेस्त्री बिनधास्त हात घालतो, हायब्रिड म्हटले की तो शोरूमचा नंबर देतो.

एक गोष्ट जाता जाता. बाबा ज्या शोरूममध्ये चौकशी करून आले, तिथल्या मुलाने दाखवलेली स्वस्त "हायब्रिड" मी कागद मागवून पाहिली. ती माइल्ड हायब्रिड आहे. तिची मोटर इंजिनाला किंचित हातभार लावते, एकटीने गाडी चालवत नाही. माझी स्ट्राँग आहे, म्हणजे तिची मोटर एकटीनेही गाडी ओढते. दोघींना एकाच नावाने विकणे मला लबाडीचे वाटते.

मग बाबांना माझ्या गाडीत एवढे काय आवडले, याचा मी बराच विचार केला. खंबाटकीच्या रांगेत बाबांनी अर्धा तास गाडी चालवली आणि उतरल्यावर डावा गुडघा चोळला नाही. तुम्हाला आवडले ते हायब्रिडपण नव्हे, क्लच नसणे आहे. ते साध्या ऑटोमॅटिकमध्येही मिळते. २२ सप्टेंबरपासून चार मीटरच्या आतल्या आणि बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आला आहे. माझ्यासारखी दीड लिटरची, सव्वाचार मीटरहून लांब हायब्रिड मात्र चाळीस टक्क्यांत मोडते. विजेच्या गाड्यांसाठी जाहीर झालेली टोलमाफीही तिला नाही. शिवाय आपल्या बोळातून एवढी लांब गाडी मागे घेणे मलाच जड जाते.

लहान गाडी घेताना एकच पथ्य पाळावे. स्वस्त ऑटोमॅटिकमध्ये बहुधा एएमटी असते, म्हणजे नेहमीचाच गिअरबॉक्स, फक्त क्लच-गिअर यंत्र सांभाळते; ती गिअर बदलताना हिसका देते आणि घाटात आईला मळमळेल. सीव्हीटी, म्हणजे गिअरच्या पायऱ्याच नसलेली ऑटोमॅटिक, असलेलीच पाहावी. होंडा अमेझ आणि ह्युंदाई आय-ट्वेंटी यांत ती मिळते आणि दोन्ही अठरा टक्क्यांत बसतात. अमेझची डिकी मोठी आहे, आईच्या पिशव्यांची सोय होईल.

येत्या रविवारी मी सकाळी येते. आपण साताऱ्याला जाऊन दोन्ही गाड्या चालवून पाहू. आईने मागच्या सीटवर बसावे आणि चढता-उतरताना गुडघे किती वाकतात तेवढे पाहावे. बाबांनी चढावर गाडी थांबवून पुन्हा सुटते कशी ते पाहावे. जुन्या गाडीचे आरसी आणि विम्याचे कागद माझ्या लोखंडी कपाटातल्या निळ्या फाइलीत आहेत, ते काढून ठेवावेत.

कळावे.

तुमची,
धाकटी