शोकसभेऐवजी वर्गात जा

मा. संपादक,

विद्यार्थ्याने आत्महत्या केली की दुसऱ्या दिवशी अनेक शाळांत तीन गोष्टी ठरलेल्या असतात: परिपाठात माइकवरून घोषणा, हार घातलेला फोटो आणि सुट्टी. हेतू चांगला असला तरी तिन्ही टाळाव्यात. सुट्टी दिली की ज्यांच्यावर लक्ष ठेवायचे तीच मुले मोबाइल घेऊन घरी एकटी बसतात. शाळा भरवावी, चाचण्या तेवढ्या पुढे ढकलाव्यात.

मुख्याध्यापकांनी आधी त्या विद्यार्थ्याच्या पालकांना भेटून मुलांना काय सांगायचे ते विचारावे. ‘आत्महत्या’ म्हणू नका असे ते म्हणाले, तर मृत्यू झाला आणि कारण सांगायची घरच्यांची इच्छा नाही, एवढेच सांगावे. अपघात झाला असे खोटे मात्र सांगू नये. मुलांना बहुधा आधीच कळलेले असते. शाळा भरण्यापूर्वी शिक्षकांना (शिपाई, बसचालकांनाही) बोलावून चार ओळींचा एकच मजकूर द्यावा. वर्गशिक्षकांनी तो आपापल्या वर्गात वाचावा. कसे केले, कुठे, चिठ्ठीत काय होते, यातले काही त्यात नको. ‘गुण कमी पडले म्हणून’ हेही नको. तेवढेच गुण पडलेले दुसरे मूल त्याच वर्गात ऐकत बसलेले असते.

हजेरी घेताना ते नाव सवयीने पुकारले जाते, म्हणून पट आधीच पाहून ठेवावा. बाक त्याच दिवशी उचलू नये, त्यावर फुलांचा ढीगही होऊ देऊ नये. काही दिवसांनी मुलांना सांगून सगळ्यांच्याच जागा बदलाव्यात.

जिवलग मित्रांकडे सर्वांचे लक्ष जाते. नुकतेच भांडण झालेला, शेवटचा मेसेज आलेला, पूर्वी स्वतःला इजा केलेला, घरात अलीकडेच मृत्यू पाहिलेला मुलगा मात्र सुटतो. अशांना एकेकटे भेटून ‘मरावेसे वाटते का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आले तर पालक येईपर्यंत कोणीतरी मोठे सोबत हवेच. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क, मराठीतही बोलता येते.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये बजावले आहे. समुपदेशक पहिल्या आठवड्यापुरता बोलावून भागत नाही. त्या मुलाचा वाढदिवस, निकालाचा दिवस आणि वर्षश्राद्ध या तारखा शाळेच्या दिनदर्शिकेत आजच लिहून ठेवाव्यात.

— काही शालेय समुपदेशक, पुणे