सरफॅक्टंटची चिठ्ठी नातेवाइकांच्या हाती देऊ नये

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मी मुंबईतील एका रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागातून परिचारिका म्हणून निवृत्त झाले. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेले, जेमतेम किलोभराचे एक बाळ एका रात्री कण्हत होते, श्वासागणिक त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता, आणि विभागातील सरफॅक्टंट, म्हणजे अशा बाळांची फुप्फुसे उघडी ठेवणारे औषध, संपलेले असल्यामुळे मी त्याच्या वडिलांच्या हाती बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी ठेवली. शेवटची लोकल केव्हाच गेली होती. टॅक्सीने तीन दुकाने पालथी घालून, मेहुण्याकडून उसने पैसे घेऊन ते परतले तेव्हा उजाडायला आले होते. फ्रीजमध्ये, दोन ते आठ अंशांत ठेवायची ती कुपी त्यांनी जपून शर्टाच्या खिशात आणली होती. बाळ वाचले; मात्र तोवर त्याला व्हेंटिलेटरवर घ्यावे लागले होते.

श्वास सोडताना फुप्फुसातील वायुकोश मिटू नयेत म्हणून शरीर स्वतःच सरफॅक्टंट हा स्निग्ध पदार्थ तयार करते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळात तो पुरेसा नसतो, तेव्हा वायुकोश ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखे आतून चिकटतात आणि दर श्वासाला ते नव्याने उघडावे लागतात. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड या संशोधकांनी हे कारण १९५९ मध्ये दाखवून दिले. जपानमध्ये फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसांपासून बनवलेले सरफॅक्टंट बाळांच्या श्वासनलिकेत सोडून आलेला गुण १९८० मध्ये प्रसिद्ध केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मुलांसाठीच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे.

प्रत्येक मुदतपूर्व बाळाला ते लागते असे नाही. प्रसूतीपूर्वी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने वेळेवर मिळाली आणि जन्मताच सीपॅप, म्हणजे नाकावाटे सतत दाबाने हवा देणारे यंत्र, लावला, तर अनेक बाळे तेवढ्यावर निभावतात. म्हणूनच साठा मोठा लागत नाही. डुकराच्या फुप्फुसांपासून केलेल्या प्रचलित औषधाची पहिली मात्रा किलोमागे अडीच मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा चमचा असते. ज्याला ते लागते त्याला मात्र पहिल्या दोन तासांत मिळाले तर अधिक उपयोग होतो, आणि हे दोन तास नातेवाइकांच्या पायपिटीत जातात.

माझी विनंती एवढीच आहे की, शासकीय व महापालिका रुग्णालयांच्या प्रत्येक नवजात अतिदक्षता विभागात सरफॅक्टंटचा किमान साठा ठरवून द्यावा, आणि तो संपल्यास शेजारच्या रुग्णालयातून रुग्णवाहिकेने, शीतपेटीत कुपी मागवण्याची जबाबदारी रुग्णालयावरच टाकावी. शीव रुग्णालयात १९८९ पासून मातेच्या दुधाची पेढी चालते. परक्या बाळांसाठी दूध गोठवून जपणाऱ्या या शहराला चार कुप्या जपणे अवघड नाही. आदेश काढताना रात्रपाळीत ही मागणी कोणी, कोणत्या क्रमांकावर नोंदवायची, तेही त्यात स्पष्ट लिहावे, कारण रात्री दोन वाजता फाईल उघडायला कोणालाही सवड नसते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, मुंबई