मोठा जीर्णोद्धार नको, पन्हळी साफ करायला पैसे द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

मी वास्तुविशारद आहे. जुनी चर्च आणि इतर ऐतिहासिक इमारती सांभाळण्यातच माझं आयुष्य गेलं. हे काम बाहेरून वाटतं तसं भव्य नाही. अर्धा वेळ जातो छपराखालच्या अंधारात, धुळीत गुडघे टेकून तुळईचं टोक कुजलंय का ते टोचून बघण्यात. उरलेला जातो निविदेच्या अटी वाचण्यात. हे पत्र त्या अटींबद्दल आहे.

सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळतं आणि आर्थिक वर्ष संपायच्या आत ते उरकावं लागतं. नव्या इमारतीला हे चालून जातं, जुन्या भिंती ज्यात बांधल्या त्या चुन्याला चालत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. थर पातळ द्यायचे, मधे थांबायचं, ओलसर ठेवायचं. मुदत जवळ आली की कंत्राटदार सिमेंटचं पोतं फोडतो. मला त्याचा राग येत नाही, अटींनी त्याला दुसरी वाटच ठेवलेली नसते. पण सिमेंट चुन्यापेक्षा बरंच कठीण आणि दाट. भिंतीतली ओल पूर्वी चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडायची, ती आता दगडातून वाट काढते. सोबतचे क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साचतात, त्यांचे स्फटिक होतात आणि पापुद्रे सुटू लागतात. काही वर्षांनी सांधा शाबूत आणि दगड खाल्लेला, अशी भिंत उरते. कागदोपत्री मात्र ‘काम पूर्ण’.

दुरुस्तीनेच इमारत बिघडते, हे नवीन नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अथेन्सच्या प्राचीन पार्थेनॉन मंदिरात अभियंता निकोलाओस बालानोस यांनी दगड जोडायला लोखंडी पट्ट्या बसवल्या. प्राचीन ग्रीकांनीही लोखंडच वापरलं होतं, पण गंजू नये म्हणून त्यावर शिसं ओतून. बालानोस यांचं लोखंड गंजून फुगलं, संगमरवर तडकला, आणि ते काढून टायटॅनियम बसवणं पुढच्या पिढ्यांच्या माथी आलं. गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकाचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला, तेव्हापासून उघडा पडलेला जांभा पावसात झिजतो आहे. दोन्ही ठिकाणी हेतू चांगलाच होता.

उपाय महाग नाही, फक्त त्याचं उद्घाटन करता येत नाही. इंग्लंडमध्ये १९५५ च्या कायद्याने चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रत्येक चर्चची दर पाच वर्षांनी वास्तुविशारदाकडून तपासणी ठरवून दिली. नेदरलँड्समध्ये १९७३ पासून ‘मोन्युमेंटनवाख्त’ या वास्तू तपासणाऱ्या संस्थेचे तपासनीस शिड्या घेऊन छपरांवर चढतात, सरकलेलं कौल जागेवर बसवतात, पन्हळ मोकळी करतात आणि मालकाच्या हातात अहवाल देतात. तुंबलेल्या पन्हळीतलं पाणी भिंतीत मुरतं, तिथून तुळईच्या टोकात. मग जीर्णोद्धाराचा प्रस्ताव तुमच्या टेबलावर येतो.

तपासणीला माणूसही तोच लागतो. भेग वाढते आहे की शंभर वर्षं तशीच आहे, हे एका भेटीत कोणीच सांगू शकत नाही. ती ऋतुमानाप्रमाणे मोजत राहावी लागते. दर निविदेला नवा सल्लागार आला की मोजणी पुन्हा शून्यापासून. आणि नोंदींचं मोल किती? २०१९ च्या आगीत पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचं ओकच्या लाकडाचं छप्पर जळालं. ते पुन्हा तसंच उभारताना आधार झाला तो दोन वास्तुविशारदांनी २०१४ मध्ये घेतलेल्या तपशीलवार मापांचा. आग लागेल म्हणून त्यांनी ती घेतली नव्हती.

तेव्हा मागणी एवढीच. प्रत्येक संरक्षित वास्तूला एक वास्तुविशारद किमान दहा वर्षांसाठी नेमा. पाच वर्षांनी तपासणी बंधनकारक करा आणि अहवाल लोकांना बघू द्या. संवर्धनाच्या निविदेतून ‘सर्वांत कमी दर’ काढा. चुन्यात काम केलेले गवंडी आणि पाथरवट कोणाकडे आहेत, ते आधी विचारा. आणि किरकोळ देखभालीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडा, ज्यातला न खर्चलेला पैसा वर्षअखेरीला परत जाणार नाही. शेवटच्या मुद्द्यावर वित्त विभाग हरकत घेईल. तिथे तुमचं वजन खर्च करा, ही विनंती.

आपला,
एक संवर्धन वास्तुविशारद