लाल लेबलाच्या सिरिंजविषयी लेकीला पत्र

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलेस की आता लिस्टवरच्या केसेसना रिलॅक्संट, म्हणजे स्नायू शिथिल करणारे औषध, तू स्वतःच्या हाताने देतेस आणि सर फक्त शेजारी उभे राहतात. तुझ्या आवाजातला आनंद ऐकून मी मध्येच काही बोलले नाही; पण फोन ठेवल्यापासून तेच मनात घोळते आहे आणि घाईत अर्धवट सांगण्यापेक्षा नीट लिहावे म्हणून बसले आहे. भूल देण्यात माझी 29 वर्षे गेली, तरी या एका औषधाचा धाक मी अजून बाळगते, आणि तो तुलाही असावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

बाकीच्या औषधांत काही कमी पडले तर रुग्ण हात झटकतो, कपाळाला आठ्या घालतो, निदान श्वास जोरात घेऊ लागतो. स्नायू शिथिल करणारे इंजेक्शन मज्जातंतूकडून, म्हणजे नसेकडून, स्नायूला जाणारा निरोपच अडवते आणि ही सगळी सांगण्याची साधने रुग्णाकडून काढून घेते. त्याने झोप येत नाही आणि वेदना तसूभरही कमी होत नाही. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणाच्या टोकाला लावत ते क्युरारे हॅरल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी 23 जानेवारी 1942 रोजी मॉन्ट्रियलमध्ये शस्त्रक्रियेसाठी वापरले, आणि त्यानंतर काही वर्षे ते थोडीफार भूलही देत असावे असे मानणारे डॉक्टर होते. शेवटी अमेरिकेत स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने ते जागेपणी स्वतःलाच टोचून घेतले. सारे शरीर लुळे पडले, श्वास दुसऱ्यांना द्यावा लागला आणि त्या सगळ्या वेळात त्याला भोवतालचे बोलणे ऐकू येत होते, प्रत्येक टोचणी कळत होती. 1947 साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये भुलेखाली जाग राहिल्याच्या तक्रारींची जी मोठी पाहणी 2014 साली प्रसिद्ध झाली, तिच्यात रिलॅक्संट वापरलेल्या सुमारे 8,000 भुलांमागे अशी एक तक्रार आढळली, तर रिलॅक्संट न वापरलेल्या भुलांत हे प्रमाण सुमारे 1,36,000 मागे एक इतके कमी होते. म्हणून झोपेचे औषध खरोखर शिरेत गेले आहे, कॅन्युलाची, म्हणजे शिरेतल्या नळीची, जागा सुजलेली नाही, भुलेची वाफ करणाऱ्या व्हेपोरायझरमध्ये औषध आहे आणि मास्कने छाती वर येते आहे, एवढे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रिलॅक्संटच्या लाल लेबलाच्या सिरिंजला हात लावू नकोस. सर्जन घाई करत असले तरीही.

आता जे मी तुला कधी सांगितले नाही ते लिहिते. तू तेव्हा शाळेत होतीस. एका रुग्णालयात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर मी एका बाईंची श्वासाची नळी काढली. त्या नीट श्वास घेत होत्या, नाव विचारल्यावर नावही सांगितले होते. रिकव्हरीत नेल्यावर सिस्टरनी त्याच कॅन्युलातून अँटिबायोटिक दिले, आणि कॅन्युलाला जोडलेल्या एक्स्टेंशनच्या नळीत जे थोडे व्हेक्युरोनियम हे रिलॅक्संट राहून गेले होते ते त्याबरोबर आत गेले. मी सही करायला म्हणून तिकडे गेले, तर बाई गुंगीत आहेत असे सगळ्यांना वाटत होते. मला मात्र त्यांची पापणी दिसली. ती अर्ध्यावर येऊन थरथरत होती, वर जात नव्हती. हात चादरीवरून वीतभर उचलला जाई आणि पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखा फडफडून खाली पडे. ऑक्सिजन चालू असल्यामुळे मॉनिटरवरचा आकडा अजून चांगला दिसत होता, आणि आकडा चांगला म्हणून कोणाला शंका आली नाही. मी मास्क धरून श्वास द्यायला लागले आणि त्यांच्या कानाशी सांगत राहिले की, तुम्ही जाग्या आहात हे मला माहीत आहे, श्वास मी देते आहे, घाबरू नका. मग झोपेचे औषध दिले आणि ताकद येईपर्यंत त्यांना सोडले नाही. त्या बऱ्या होऊन घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा हात धरून विचारले की, डॉक्टर, मी ओरडत होते, ते कोणालाच कसे ऐकू आले नाही?

सिस्टरची त्यात काही चूक नव्हती. ओटीतून निघण्यापूर्वी ती लाइन सलाईनने धुणे माझे काम होते आणि ते मी केले नव्हते. तेव्हापासून प्रत्येक कॅन्युला, प्रत्येक थ्री-वे तोटी आणि प्रत्येक एक्स्टेंशन मी स्वतः धुते आणि कागदावर तसे लिहिते. तूही लिहीत जा, कारण लिहावे लागते म्हणून तरी हात तिकडे जातो.

रिव्हर्सलबद्दल, म्हणजे रिलॅक्संटचा असर उतरवण्याबद्दल, तुमच्याकडे अजून 'पाच सेकंद डोके उचलले की झाले' असे म्हणतात, हे ऐकून मला वाईट वाटले. श्वासपटलाची ताकद लवकर परत येते आणि घशाच्या स्नायूंची उशिरा, त्यामुळे छाती छान हलत असताना घसा मात्र स्वतःची लाळही आवरू शकत नाही. अशा रुग्णाने डोके उचलून दाखवल्याचे मी कित्येकदा पाहिले आहे. 1970 साली हसन अली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रेन-ऑफ-फोर ही चाचणी दिली. अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने मनगटाच्या नसेला चार झटके द्यायचे आणि चौथ्या वेळी अंगठा पहिल्याच्या तुलनेत किती हलतो ते मोजायचे. हे गुणोत्तर 0.9 झाल्याशिवाय नळी काढू नये, आणि ते हाताने अजमावण्याऐवजी यंत्राने मोजावे, असे अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. 0.4 च्या वर गेल्यावर बोटांना फरक जाणवेनासा होतो, मग अनुभव कितीही असो. असर उतरवणारे निओस्टिग्मिन खोल शिथिलतेत दिले तर पुरे पडत नाही आणि दिल्यावरही पूर्ण असर यायला दहा मिनिटे लागू शकतात. सुगामाडेक्स हे दुसरे औषध चटकन काम करते, पण ते रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियम या रिलॅक्संटसाठीच, अॅट्राक्युरियमला त्याचा उपयोग नाही. मॅग्नेशियम चालू असेल, जेन्टामायसिन दिले असेल किंवा रुग्ण गार पडला असेल, तर असर लांबतो, तेव्हा घड्याळावर विसंबू नकोस.

स्कोलीन या रिलॅक्संटविषयी थोडक्यात लिहिते, कारण पुस्तकात तुला ते सापडेलच. भाजलेला, पाठीच्या कण्याला मार लागलेला किंवा फार दिवस आयसीयूत पडून असलेला रुग्ण असेल तर ते देऊ नकोस, पोटॅशियम एकदम चढून हृदय थांबू शकते. घरात कोणाला ऑपरेशननंतर 'बराच वेळ श्वास आला नव्हता' का, हे प्रत्येकाला विचार. हे औषध मोडणारे एन्झाइम काहींच्या रक्तात जन्मतःच नसते. आर्य वैश्य समाजात ते जास्त आढळते, आणि आपल्या नांदेड-लातूरकडे या समाजाची पुष्कळ घरे आहेत. अशा वेळी धीराने झोपवून ठेवून श्वास देत राहणे हाच उपचार.

लेबलाचेही सांगते. 2017 साली अमेरिकेत नॅशव्हिल येथे स्कॅनच्या वेळी शांत राहावे म्हणून एका वृद्ध बाईंना मिडाझोलाम द्यायचे होते, त्याऐवजी व्हेक्युरोनियम दिले गेले आणि त्या गेल्या. ती पूड पाण्यात मिसळावी लागली, टोपणावर धोक्याची सूचना होती, तरी हात थांबला नाही. आपल्याकडे ही पूड 4 मिलिग्रॅमच्याही व्हायलमध्ये येते आणि 10 च्याही. म्हणून व्हायल हातात घेतल्यावर नाव आणि मात्रा मोठ्याने वाच, सिरिंज भरल्याबरोबर लाल लेबल लाव, आणि बिनलेबलाची सिरिंज कोणाचीही असो, फेकून दे. ट्रॉलीवर लाल लेबलाची सिरिंज वेगळ्या ट्रेमध्ये ठेव. लेबलांची दोन रोल मी आजच कुरिअरने पाठवली आहेत.

तुमच्या विभागात ट्रेन-ऑफ-फोर मोजणारा तो मॉनिटर कपाटात पडून असतो असे तू म्हणालीस. सोमवारी त्याची वायर शोधून काढ, इलेक्ट्रोड करंगळीच्या बाजूने मनगटावर स्वतःला लाव आणि अगदी कमी करंटपासून सुरुवात कर. जरा झिणझिण्या येतील. तुझा अंगठा किती मिलिअँपिअरला हलला ते मला कळव.

तुझी,
आई