डोकेदुखीचे चाळीस टक्के

किलीन, टेक्सास
७ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप अण्णा आणि आई, साष्टांग नमस्कार.

काल विसर्जन झालं असेल. फोटो पाहिले, मखर छान झालं होतं. फोनवर आई बोलता बोलता रडायला लागते आणि सांगायचं ते राहून जातं, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक सांगतो, मी बरा आहे. डोक्यात गाठबीठ काही नाही. इथल्या टेंपल नावाच्या गावातल्या हॉस्पिटलात एमआरआय झाला, तो स्वच्छ आहे. आजाराचं नाव मायग्रेन. इथल्या अमेरिकन फौजेत असताना गाडी उलटली होती तेव्हापासूनचा. डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या रेघा चमकतात, उजेड सोसत नाही, उलटी होते, मग अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं. दुसऱ्या दिवशी मी कामावर असतो. गोळ्या आहेत, लागूही पडतात. आई, जेवण मी वेळेवर करतो. उपाशीपोटी पित्तानं डोकं चढतं तसलं हे दुखणं नाही, तेव्हा सुंठीचा लेप पाठवू नकोस.

बंड्यादादानं तुम्हाला सांगितलं की मी ‘अपंगांची पेन्शन’ घेतो, आणि अण्णांनी विचारलं, फौजी माणसानं डोकं दुखतं म्हणून सरकारकडे पैसे मागायचे का? अण्णा, तुमचा प्रश्न मनाला लागला, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देतो.

इथले माजी सैनिक एकमेकांना भेटले की नाव, गाव, पलटण झाल्यावर सरळ विचारतात, ‘तुझे किती टक्के?’ न्हाव्याच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, कुठेही. ऐकणाऱ्यालाही त्यात काही वाटत नाही. नोकरीत शरीराचं जे नुकसान झालं त्याला माजी सैनिकांचं खातं, म्हणजे व्हीए, टक्के देतं आणि त्यावर महिन्याचे पैसे ठरतात. बेरीज मात्र आपल्यासारखी नाही. मला मायग्रेनचे ३० आणि कानात शीळ वाजते त्याचे १०. तुम्ही म्हणाल ४०. तसं धरत नाहीत. आधी १०० मधून ३० गेले, धडधाकट माणूस उरला ७०. आता १० टक्के काढायचे ते या सत्तरातून, म्हणजे ७. झाले ३७. मग जवळच्या दहाला न्यायचे, म्हणून ४०. दुकानदार सवलतीवर सवलत देतो ना, तसाच हिशेब. उद्या मायग्रेनचे ५० झाले तर दहासकट ५५ होतील आणि ते ६० धरतील. मायग्रेनला ५० च्या वर काही नाही.

नुसतं डोकं दुखतं म्हटल्यावर कुणी काही देत नाही. गोळी घेऊन काम चालू राहिलं तर तो झटका मोजतच नाहीत, माणूस आडवा पडला पाहिजे. असा झटका सरासरी दोन महिन्यांतून एकदा आला तर १० टक्के, महिन्यातून एकदा आला तर ३०. फार वारंवार, लांबणारे आणि रोजीरोटीवर येणारे झटके असतील तर ५०. माझा पहिला निकाल शून्य टक्के आला होता. दुखणं नोकरीतलं हे मान्य, पण आडवं पडल्याची नोंद कागदावर कुठेच नाही. असणार कशी? पलटणीत डोकं दुखलं म्हणून कोण डॉक्टरकडे जातं? ८०० मिलिग्रॅमची आयबुप्रोफेन खायची आणि उभं राहायचं. त्या गोळीला पोरं ‘रेंजर कँडी’ म्हणतात. अण्णा, तुमच्याकडेही हेच होतं ना?

मग मी डोकेदुखीची वही ठेवली. तारीख, किती वाजता सुरू झालं, किती तास पडून होतो, सगळं त्यात आहे. खोलीतल्या मित्रानं त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं लिहून दिलं. निकालानंतर वर्षाच्या आत तीन वाटा असतात: नवा पुरावा जोडून पुन्हा अर्ज, जुन्याच कागदांवर वरिष्ठाकडून फेरतपासणी, नाहीतर अपील बोर्डाच्या न्यायाधीशापुढे. मी पहिल्या वाटेनं गेलो आणि ३० मिळाले. वकील लुटेल ही काळजी करू नका. डीएव्ही नावाची माजी सैनिकांची संघटना आहे, तिथला माणूस फुकट मदत करतो. आता ५० साठी बोर्डाकडे जायचं म्हणतोय. नोकरी पूर्ण सुटलेलीच हवी असं नाही, रोजीरोटीवर मोठा परिणाम होऊ शकेल इतकं दुखणं असलं तरी चालतं, असं इथल्या कोर्टानं २००४ साली सांगितलंय.

ही भीक नाही, अण्णा. भरती होताना डोकं ठणठणीत आहे हे त्यांच्याच डॉक्टरांनी लिहून घेतलं होतं. तुमचा गुडघाही बेळगावला भरती झालात तेव्हा चांगलाच होता. आपशिंग्यात तुमच्यासारखे किती जण लंगडत शेतावर जातात आणि कधी बोलत नाहीत. ट्रंकेत तुमच्या रिलीज मेडिकल बोर्डाचा, म्हणजे फौज सोडतानाच्या तपासणीचा, कागद आहे, तो घेऊन साताऱ्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जा. माझ्यासाठी जा.

आता पैशांचं. ४० टक्क्यांचे महिन्याला ७७४ डॉलर येतात, म्हणजे अडुसष्ट हजारांच्या आसपास, आणि त्यावर कर नाही. अर्जाच्या तारखेपासूनची थकबाकीही एकदम आली, ती पिंकीच्या खात्यावर टाकलीय. त्यातून आधी सोसायटीचं कर्ज फेडा, उरेल ते तिच्या लग्नाला. हॉल तिला आवडेल तोच घ्या.

साखरपुड्याला मला येता येणार नाही. सगळ्या रजा झटक्यांच्या दिवसांत गेल्या. रजांचा तोच कागद बोर्डापुढे माझा सगळ्यात मोठा पुरावा आहे, आणि तोच हातात घेऊन पिंकीला काय सांगू ते मला कळत नाही. तिला तुम्हीच समजवा. लग्नाला मी नक्की येतो, त्यासाठी बिनपगारी रजा आत्ताच सांगून ठेवलीय.

आणि मला मुलगी सांगून आलेल्या कऱ्हाडच्या पाहुण्यांनी माझ्याबद्दल विचारलं तर लपवू नका. मुलीला सगळं सांगा, वही बघायची असेल तर फोटो पाठवतो. त्यावर नको म्हणाली तर मला राग नाही. आई, तू मात्र त्यासाठी नवस बोलू नकोस.

तुमचा,
संजू